टाचून ठेवलेली दुमड

"खालची दुमड आज नाही घालायची," शिडीच्या वरच्या पायरीवरून ती म्हणाली. "नुसती टाचून ठेवते."

खाली घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, पण रविवारी पाहुणे यायचेत. त्यांना काय टाचण्यांचा पडदा दाखवू?"

"टाचण्या मागच्या बाजूनं लावीन. पाहुणे पडद्याआड जाऊन बसणार आहेत का?"

"इतकी वर्षं पडदे शिवताय. माप घेऊन दुमड घालता येत नाही?"

"माप घेतलंय म्हणूनच सांगते. कापड जड आहे. टांगलं की आपल्या वजनानं उतरतं. आज दुमड घातली तर थोड्या दिवसांनी हा पडदा तुमची फरशी पुसायला लागेल. मग तुम्हीच म्हणाल, बाईचे डोळे गेले होते का?"

घरमालकीण हसली आणि चहा टाकायला आत गेली. शिडी दोन्ही हातांनी धरून उभा असलेला पडदेवालीचा नवराही मनातल्या मनात हसला. हा संवाद त्याला पाठ होता. गिऱ्हाईक बदलायचं, वाक्यं तीच. लग्नानंतर त्याने ड्रिल हातात घेतलं आणि तिने मशीन, तेव्हापासून दोघांचं काम असंच वाटलेलं होतं. भिंतीला भोकं पाडायची, ब्रॅकेट बसवायचे, रॉड चढवायचा आणि मग शिडी धरायची, हे त्याचं. बाकी सगळं तिचं. लोक तिला पडदेवाल्या बाई म्हणत आणि त्याला शिडीवाले. याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. शिडी धरणारा नसेल तर पडदेवाली वर चढेल कशी, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, भिंतीला टेकवून.

तिच्या सबुरीच्या स्वभावाची त्याला सवय व्हायला मात्र वर्षं लागली. त्याचं काम एका घावात दोन तुकडे असं होतं. भोक पाडलं की पाडलं. तिचं काम टांगून ठेवण्याचं. टांगायचं, कापडाला उतरू द्यायचं, आठवड्याने परत जाऊन दुमड घालायची. एका कामासाठी दोन खेपा, हे त्याच्या डोक्यात कधी नीट बसलंच नव्हतं.

आज मात्र त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ती हुक डाव्या हाताने अडकवत होती. उजवा हात नुसता कापड धरायला. मागच्या आठवड्यात उजव्या छातीतल्या गाठीत आणि त्याच बाजूच्या काखेत सुई घालून तपासणीला तुकडे घेतले होते. रिपोर्ट आज दुपारी मिळणार होता.

"काख ठणकतेय का?" त्याने हळू विचारलं.

"तुम्ही शिडी बघा."

"शिडीच बघतोय."

"मग हलतेय का अशी?"

त्याने खालच्या पायरीवर पाय दाबून ठेवला.

---

डॉक्टरीणबाई वयाने त्यांना मुलीसारख्या होत्या, पण बोलण्यात घाई नव्हती. त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला, आणि सरळ सांगितलं. छातीत एक नाही, दोन ठिकाणी गाठी आहेत आणि त्या कॅन्सरच्या आहेत. काखेतल्या एका ग्रंथीतही त्या पेशी पोचल्या आहेत. बाकी शरीरात कुठे काही दिसत नाही.

तिने पदराच्या टोकाची शिवण अंगठ्याने चाचपायला सुरुवात केली. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"मग कधी काढताय? उद्या? आम्ही तयार आहोत. सगळंच काढून टाका. काखेतलंसुद्धा."

"तसंही करता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण ग्रंथीत आहे हे आत्ता माहीत असताना आधी ऑपरेशन केलं, तर काख पूर्ण साफ करावी लागेल. जवळजवळ सगळ्या ग्रंथी काढायच्या. मग हाताकडून पाणी परत वाहून न्यायला वाटा कमी उरतात. काही जणींचा हात सुजतो, जड राहतो. खांदा आखडतो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही काम काय करता?"

"पडदे." तिने उजवा हात टेबलावर ठेवला, सामान दाखवावं तसा. "शिवते आणि टांगतेसुद्धा. हात दिवसभर डोक्याच्या वरच."

"गाठी दोन ठिकाणी आहेत, म्हणून छाती दोन्ही रस्त्यांत काढावीच लागेल; काखेसाठी दुसरा रस्ता असा. आधी केमोचं औषध द्यायचं, काही महिने. तुमच्या गाठीच्या जातीवर ते चांगलं चालतं. काखेतलीही विरघळू शकते. मग ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या मोजक्याच ग्रंथी काढून तपासायच्या, सगळ्यात आधी ज्यांच्यात पेशी पोचतात त्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर काख साफ करावीच लागेल. खात्री मी देत नाही."

"म्हणजे तोवर ते आत ठेवायचं?" त्याचा आवाज चढला. "डॉक्टर, मी लाकडात काम करणारा माणूस आहे. पडद्यावरच्या फळीला वाळवी लागली तर मी फळी उपटून फेकतो. औषध मारून बघू, महिन्यांनी येऊ, असं म्हटलं तर गिऱ्हाईक मला जोड्यानं मारेल."

"अहो," ती म्हणाली.

"बोलू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "औषध चालू असणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. औषध काखेतही जातं आणि शरीरभरही. आम्ही मधेमधे तपासत राहू. गाठ ऐकत नाही असं दिसलं तर बेत बदलून लगेच ऑपरेशन. पण तुमची भीती चुकीची नाही. सगळेच हे विचारतात."

त्याला ते पटलं नाही. ती मात्र पुढे वाकली होती. नवीन कापड हातात आलं की ती अशी वाकायची.

"एक विचारू? औषधानं ती विरघळली, तर कोणत्या ग्रंथीत होतं ते नंतर कसं ओळखणार?"

"चांगलं विचारलंत. औषधाच्या आधीच तिच्यात एक बारीक क्लिप बसवतो. तांदळाच्या दाण्याहून लहान. ऑपरेशनच्या वेळी ती क्लिप असलेली ग्रंथी काढायचीच."

"म्हणजे टाचून ठेवणार," ती म्हणाली.

"टाचूनच."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काय आहे हे त्याला लगेच कळलं. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी तिने एकदा नाही म्हटलं की हाच चेहरा असायचा.

---

तिची मोठी बहीण दुसऱ्या दिवशीच सामान घेऊन राहायला आली. ही शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. घरात शिरल्या शिरल्या तिने पायपुसणं सरळ केलं आणि मग धाकटीला जवळ घेतलं.

"वेडी आहेस का गं तू? विषाची परीक्षा कशाला? काढून टाक आणि मोकळी हो."

"ताई, मोकळी होईन, पण हात बांधून."

"जीव मोठा की हात?"

"दोन्ही माझेच आहेत. आणि डॉक्टरांनी जीव टांगणीला लावलेला नाही. औषध आधी, सुरी नंतर, एवढंच. सुरी कुठं जातेय पळून?"

ताईने मोर्चा त्याच्याकडे वळवला. "अहो शिडीवाले, तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मी बोललो ताई. दवाखान्यात बोललो." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "हात तिचा आहे."

हे वाक्य त्याने दिवसभर मनात घोकून ठेवलं होतं. बोलून झालं तेव्हा त्याचा त्यावर निम्माच विश्वास होता.

क्लिप बसली. औषध सुरू झालं, डाव्या हातातून. केस गेले. ते गेले त्या आठवड्यात तिने उरलेल्या अस्तराची एक टोपी शिवली, आणि ताईने ती उलटी घातली आहेस म्हणून सांगितल्यावर दोघी बहिणी इतक्या हसल्या की तिला उलटी झाली. तोंडाची चव गेली, नखं काळवंडली. ज्या दिवशी बरं वाटे त्या दिवशी ती मशीनवर बसे. बाहेरच्या घरी जाणं मात्र बंद झालं होतं. टांगायचं काम त्याच्यावर आलं.

ते त्याला जमत नव्हतं. तो शिडीवर चढायचा, चुण्या कशाबशा सारख्या करायचा आणि फोनवर फोटो पाठवायचा. लगेच तिचा फोन.

"डावं टोक रडतंय."

"कुठलं डावं? माझं की पडद्याचं?"

"तुमचं सगळंच रडतंय. तिसरा हुक सोडा, एक घर पुढे घ्या. आणि खाली शिडी कोण धरतंय?"

"भिंत."

मग ती म्हणायची, "सावकाश उतरा."

मधल्या तपासणीत गाठी लहान झाल्या होत्या. काखेतलं डॉक्टरांच्या बोटांना लागत नव्हतं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण बोटांना न लागणं म्हणजे नसणं नव्हे. ते ग्रंथी काढूनच कळेल." बाकी सगळ्यांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. त्याने दुसरं.

आणि मग तो संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊ लागला. तिथे कापडाचे तागे, जुने रॉड, मोडके ब्रॅकेट असं सामान होतं. दार लावून तो काहीतरी करत बसायचा. ताईने विचारलं तर म्हणायचा, आवराआवर. ताईने धाकटीला सांगितलं, तुझा नवरा आवराआवर करतोय, म्हणजे नक्की मनातून खचलाय.

---

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तिला अस्तराचा एक तुकडा हवा होता. तो दुकानात गेला होता. ती मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यात जुन्या पडद्याखाली उंच काहीतरी झाकून ठेवलं होतं. तिने पडदा ओढला.

लाकडी चौकट होती, भिंतीला स्क्रूने पक्की केलेली. वर आडवा दांडा, दांड्याला कप्प्या, कप्प्यांतून दोऱ्या. खाली छातीच्या उंचीवर एक रॉड. त्या रॉडला हुक अडकवायचे आणि दोरी ओढली की सगळा पडदा वर. दोरीची मूठ डाव्या बाजूला होती. डाव्या हाताने ओढायला.

तो परत आला तेव्हा ती तिथेच, तागे रचलेल्या फळीवर बसली होती.

"हे काय आहे?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "नमुना आहे. म्हणजे, जमतंय का बघत होतो. गिऱ्हाईकाकडे न्यायला घडीचं करता येईल. तू खाली उभी राहूनच..."

"मूठ डावीकडे का?"

तो पिशवीतलं सामान बाहेर काढू लागला.

"माझा उजवा हात अजून खांद्याला आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "उद्या काय निघेल ते डॉक्टरांना माहीत नाही. मला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला भीती वाटते गं. रात्रंदिवस ते काखेतलं दिसतं. तू थांबायचं म्हणालीस, मी थांबलो. पण नुसतं थांबता येत नाही मला. हातांना काहीतरी लागतं."

"इतकी वर्षं माझ्याबरोबर घरोघर हिंडलात." तिने चौकटीच्या दोरीला हात लावला आणि सोडला. "आणि टांगायच्या आधीच दुमड घातलीत."

तिला यापेक्षा लागणारं काही बोलता आलं नसतं. तिच्या धंद्यात याहून मोठी चूक नव्हती. तो पुढे आला, स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला. "काढून टाकतो. आत्ता काढतो."

"राहू दे. भिंतीला भोकं पाडलीत ना? ती काय बुजणार आहेत?"

ती उठून गेली. जेवताना तिने त्याला दोनदा वाढलं, पण बोलली ताईशी. झोपायच्या वेळी मात्र तिने उजवा हात त्याच्या अंगावर टाकला, रोज टाकायची तसा, आणि झोपी गेली. तो त्या हाताच्या वजनाखाली न हलता पडून राहिला.

---

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होतं. ताई जपमाळेसारखा पाकिटाचा चाप उघडझाप करत होती. समोरच्या खिडकीला पडदा होता. हिरवा, स्वस्त, दुमड वाकडी. तो त्या दुमडीकडे बघत बसला. कापड उतरायच्या आधी शिवलेली, स्पष्ट कळत होतं. मधला भाग खाली आला होता आणि कडा तशाच वर राहिल्या होत्या.

दार उघडून डॉक्टर आल्या. तोंडावरचं मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढलं.

"अजून काम चालू आहे, पण सांगून जाते. क्लिपवाली ग्रंथी मिळाली. टोचलेलं निळं औषध आधी जिथं पोचलं अशा आणखी तीन काढल्या. लगेच तपासल्या. त्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. बाकीच्यांना हात लावत नाही."

ताईने पाकीट बंद केलं. त्याने विचारलं, "आणि दिसल्या नाहीत म्हणजे..."

"पक्का रिपोर्ट आठवड्यानं येईल. क्वचित फरक पडतो. नंतर रेडिएशन आहेच. पण आज तरी काख वाचली." त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "छाती मात्र ठरल्याप्रमाणे काढावी लागली."

"हो," तो म्हणाला. ते ठरलेलंच होतं. तरी ऐकल्यावर त्याने बाकाची कड धरली.

ती शुद्धीवर आली तेव्हा उजव्या बाजूला जाड पट्ट्या होत्या आणि त्यांच्याखाली चादर सपाट होती. तिने तिकडे पाहिलं नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी हलवली, एकेक, सुईत दोरा ओवण्यापूर्वी हलवायची तशी.

"हात?" ओठ कोरडे होते.

"आहे."

"वाळवी?"

त्याला क्षणभर समजलं नाही. मग समजलं.

"सापडली नाही. फळी ठेवली."

तिने डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे उतरलं, आणि त्याने ते आपल्या शर्टाच्या बाहीने टिपलं. ताई म्हणाली, रुमाल नाही का तुमच्याकडे. त्याच्या खिशात होता.

आठवड्याने पक्का रिपोर्ट आला. तोही तसाच होता.

---

जखम भरली, पण खांदा धरला होता. हात कानापर्यंतही जाईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं आणि मग म्हणाल्या, "एक कप्पी मिळते, दारावर अडकवायची. दोरीची दोन टोकं दोन हातांत. चांगल्या हातानं ओढायचं म्हणजे धरलेला हात आपोआप वर जातो. आणाल का बाजारातून?"

तो जमिनीकडे बघू लागला.

"आणायला नको," ती म्हणाली. "घरात आहे. मूठसुद्धा डावीकडेच आहे."

बाईंना कळलं नाही. "वा, तयारीचे आहेत तुमचे यजमान."

"जरा जास्तच," ती म्हणाली.

त्या दुपारी तो मागच्या खोलीत गेला. रॉड सोडवला, मधल्या कप्पीवरून एकच दोरी घेतली, तिच्या दुसऱ्या टोकाला कापडाचा मऊ फास केला. चौकटीच्या खाली तिच्यासाठी स्टूल ठेवलं. ती आली. अंगात जुनंच पोलकं होतं. उजव्या बाजूला रिकामं झालेलं कापड तिने आत मुडपून टाचण्यांनी धरलं होतं, नीट, एका रेषेत, तिरकं न जाऊ देता.

त्याने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग परत पाहिलं.

"टोचत नाहीत?"

"उलट्या लावल्यात."

"शिवून का नाही टाकत? मशीन काढून देऊ?"

"सूज आहे अजून. उतरू दे काय उतरायचं ते." तिने उजव्या हाताचं मनगट फासात घातलं. "मग घालीन शिलाई."

तिने डाव्या हाताने दोरी ओढली. कप्पी कुरकुरली. उजवा हात मांडीवरून उठला, कमरेच्या वर आला, खांद्याच्या रेषेला पोचला. तिथून पुढे तिचा चेहरा आवळला. दोरी बोटभर सरकली, आणखी बोटभर. मग थांबली. हात हवेत राहिला, कोपरात थोडा वाकलेला, पडद्याच्या पहिल्या हुकापासून बराच खाली.

"आज एवढंच," ती म्हणाली. "राहू दे असाच थोडा वेळ."

"खूप वर गेला."

"थापा मारू नका. शिडी धरा."

शिडी नव्हती. चौकट भिंतीला स्क्रूने पक्की होती, त्यानेच केलेली. तरी तो पुढे झाला, दोन्ही हातांनी चौकटीचे दांडे धरले, पायाने खालची फळी दाबली आणि वर तिच्या हाताकडे बघत उभा राहिला.